ठणकतो की चुरचुरतो?

दुखण्याला मराठीत जेवढे शब्द आहेत तेवढ्यांना केसपेपरवर जागा नसते. ठणका, ठसठस, कळ, सणक, सल, चुरचुर, रखरख, आग, टोचणी, ओढ. वेंगुर्ल्याकडची म्हातारी सांगते, 'डोळो ठणकता.' तिची सून म्हणते, 'डोळ्यात खडो गेल्यासारखा वाटता.' दोघींच्या कागदावर 'डोळेदुखी' एवढीच नोंद होते. पहिलीचं दुखणं डोळ्याच्या जाड भिंतीतलं असू शकतं, दुसरीचं अगदी वरच्या पापुद्र्यावरचं. औषध वेगळं, घाई वेगळी, धोकाही वेगळा.

हा लेख एका ठरावीक दुखण्याबद्दल आहे. आमवात, मणक्याचा संधिवात, सोरायसिसचा संधिवात, ल्यूपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अंगावर उलटणारा आजार), स्योग्रेन (लाळ आणि अश्रू आटवणारा), आतड्याची सूज, फायब्रोमायल्जिया (अंगभर दुखवणारा जुनाट आजार), यांतलं काहीतरी आधीच अंगात मुरलेलं असतं. सांध्यांशी कशीबशी तडजोड झालेली असते. आणि एके दिवशी डोळा दुखायला लागतो. आरशात लाली दिसत नाही, चष्म्याचा नंबर तोच असतो, जवळचे डॉक्टर बॅटरी मारून बघतात आणि म्हणतात, 'डोळ्यात काही नाही.' घरचे म्हणतात, 'तुझं नेहमीचंच.' हे 'काही नाही' नीट ऐकायला हवं. त्याचा अर्थ इतकाच, की या उपकरणानं, आज, डोळ्याच्या दिसणाऱ्या भागात काही सापडलं नाही. बॅटरीनं डोळ्याची मागची बाजू दिसत नाही आणि मज्जातंतू तर दिसतच नाहीत.

आधी दुखतं कुठे ते पाहू. बुबुळावरची पारदर्शक काच, म्हणजे कॉर्निया, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत, पण मज्जातंतूंचं जाळं मात्र त्वचेपेक्षा शेकडो पटींनी दाट आहे. म्हणून पापणीचा एक केस आत वळला तरी माणूस बेजार होतो. पांढरा भाग, त्यामागचं बुबुळाचं स्नायुपटल, डोळा फिरवणारे स्नायू, या सगळ्यांची संवेदना त्रिशाख मज्जातंतूच्या पहिल्या फांदीतून मेंदूकडे जाते. उलट सगळ्यात आतला पडदा, ज्यावर चित्र उमटतं, तो दुखतच नाही. संधिवाताच्या अनेकांना हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन चालू असतं आणि डोळा दुखला की पहिला संशय त्या गोळीवर जातो. ती गोळी वर्षानुवर्षांनी पडदा खराब करू शकते हे खरं, म्हणून मात्रा वजनाच्या किलोमागे रोज ५ मिलिग्रॅमच्या आत ठेवतात, सुरुवातीला एकदा पडदा तपासतात आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी ओसीटी (पडद्याच्या थरांचं स्कॅन) आणि फील्ड टेस्ट (नजरेचा आवाका मोजणारी चाचणी) करतात. पण ते नुकसान न दुखता होतं. डोळा दुखतो म्हणून ती गोळी आपल्या मनानं बंद केली तर सांधे तेवढे उसळतात.

आता सगळ्यात जास्त गफलत होते ती जागा. मणक्याच्या संधिवाताच्या साधारण चारातल्या एकाला आयुष्यात केव्हातरी डोळ्याच्या आतल्या भागाला सूज येते. तिला आयरायटिस किंवा अँटीरिअर युव्हायटिस म्हणतात. बहुतेक वेळा एकच डोळा, एक-दोन दिवसांत चढत जाणारं दुखणं, उजेड सोसवत नाही, नजर धुरकट. लाली असते ती बुबुळाच्या कडेनं, कंकणासारखी. चिपडं येत नाहीत. कोकणात पावसाळ्यात डोळ्यांची साथ येते, २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये तर सगळ्या महाराष्ट्रात आली होती, त्यामुळे लाल डोळा म्हणजे 'डोळे आले' हे समीकरण पक्कं बसलेलं. साथीतल्या डोळ्याला चिकट पाणी येतं, पापण्या सकाळी चिकटतात, खुपतं, पण नजर साफ असते आणि खोल ठणका नसतो.

घरी एक साधी पारख करता येते. दुखरा डोळा तळहातानं पूर्ण झाका आणि चांगल्या डोळ्यावर मोबाइलची बॅटरी धरा. दोन्ही बाहुल्या एकदमच आकसतात, त्यामुळे झाकलेल्या डोळ्यात कळ उठली तर सूज आत बुबुळात असण्याचा संभव मोठा. जवळचं वाचताना ठणका वाढत असेल तर तेही त्याच बाजूला बोट दाखवतं. पारख नकारार्थी आली म्हणून निर्धास्त होऊ नका. ती घाई ठरवण्यापुरती आहे, सुटका म्हणून नाही.

गफलत पुढे मेडिकलच्या दुकानात होते. अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकत्र असलेला ड्रॉप चिठ्ठीशिवाय मिळतो. दोन दिवसांत डोळा पांढरा होतो, माणूस खूश, ड्रॉप बंद. आतली सूज मात्र अर्धवट दबलेली असते आणि आठवड्यात उलटून येते. दरम्यान बुबुळाची कड मागच्या भिंगाला चिकटते, बाहुली वाकडीतिकडी होते. आयरायटिसचा खरा उपचार तालात चालतो: प्रेडनिसोलोन ॲसिटेट १ टक्का, सुरुवातीला जागेपणी दर तासाला एक थेंब, मग दर आठवड्याला कमी करत चार ते सहा आठवडे. जोडीला बाहुली मोठी ठेवणारा होमॅट्रोपिन किंवा ॲट्रोपिनचा ड्रॉप, म्हणजे बुबुळ चिकटत नाही आणि आकसलेला स्नायू सैल पडून ठणका उतरतो. प्रेडनिसोलोनचं औषध बाटलीच्या तळाशी बसतं. बाटली हलवली नाही तर पहिले आठ दिवस पाणी आणि शेवटचे दोन दिवस गाळ डोळ्यात जातो. 'ड्रॉप लागू पडत नाही' या तक्रारींपैकी बऱ्याच इथे उगवतात.

आणि तोच स्टेरॉइडचा ड्रॉप हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूनं किंवा बुरशीनं झालेल्या जखमेवर पडला तर कॉर्निया झपाट्यानं खराब होतो. लावणीत, कापणीत भाताची पात डोळ्याला लागते, कवळ तोडताना फांदी लागते. अशा जखमेत बुरशी शिरते, आणि तिचं दुखणं सुरुवातीला फार नसतं. म्हणून स्टेरॉइड आधी आणि स्लिट लॅम्प (डोळा मोठा करून दाखवणारं डॉक्टरांचं यंत्र) नंतर, हा क्रम कधीच नको. मिथोट्रेक्सेट किंवा बायोलॉजिकल अशी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असणाऱ्यांनी तर अजिबात नको.

ठणका हा शब्द खास करून एका आजारासाठी राखून ठेवावा असा आहे: स्क्लेरायटिस, डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीची सूज. आमवाताच्या लोकांमध्ये तो जास्त दिसतो. हा ठणका खोल, कुरतडणारा असतो. पहाटे झोपेतून उठवतो, भुवई, कानशील, कधी जबड्यापर्यंत जातो. पापणीवरून बोटानं हलकं दाबलं तरी सहन होत नाही. लालीत जांभळट छटा असते. याचा सौम्य भाऊ, एपिस्क्लेरायटिस, दिसायला तसाच पण जवळजवळ न दुखणारा. फरक करायला डॉक्टर फेनिलेफ्रिनचा थेंब टाकतात. वरवरच्या रक्तवाहिन्या दहा-पंधरा मिनिटांत फिक्या पडतात, खोलच्या तशाच राहतात. स्क्लेरायटिसला नुसते ड्रॉप पुरत नाहीत, पोटातून औषध लागतं, आणि तो 'सांधे शांत आहेत' म्हटलं जातं तेव्हाही येऊ शकतो.

पण याचा एक प्रकार मागच्या बाजूला होतो. पोस्टिरिअर स्क्लेरायटिस. डोळा समोरून अगदी पांढराशुभ्र. दुखतं मात्र तसंच खोल, डोळा फिरवताना जास्त, कधी नजर थोडी मंद. बॅटरीला तो दिसत नाही, स्लिट लॅम्पलाही बऱ्याचदा नाही. तो सापडतो डोळ्याच्या सोनोग्राफीत, जिला बी-स्कॅन म्हणतात: भिंत जाड झालेली आणि तिच्यामागे पाण्याची रेघ. पोटाच्या सोनोग्राफीइतकी ती सोपी, न दुखणारी, पाच-दहा मिनिटांची. पांढरा डोळा, आमवात आणि पहाटेचा ठणका ही तिन्ही एकत्र असतील तर तिची आठवण आपणच करून द्यावी. डॉक्टरांना राग येत नाही, आला तर येऊ दे.

डोळा फिरवताना दुखण्याची आणखी एक वाट आहे, दृष्टीच्या मज्जातंतूची सूज. इथे कुंकू कामाला येतं. करंडा खिडकीच्या उजेडात धरा, एक डोळा झाकून बघा, मग दुसरा. एका डोळ्याला कुंकू विटलेलं, विटकरी दिसत असेल तर हे प्रकरण त्याच दिवशी दाखवायचं. तशीच दुसरी तपासणी भिंतीवरच्या कॅलेंडरची: ठरलेल्या जागेवर उभं राहून प्रत्येक डोळ्यानं तीच तारीख वाचायची. एका डोळ्याची नजर गेली तर दुसरा डोळा ती झाकून घेतो, आणि दोन्ही उघडे ठेवून हे कळत नाही. आठवड्यातून एकदा अर्धं मिनिट पुरे.

कोकणात राहणाऱ्याला एक जादा प्रश्न स्वतःला विचारावा लागतो: गेल्या वर्षभरात मोठा ताप येऊन गेला का? लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे उंदीर-गुरांच्या मुतानं दूषित पाण्यातून होणारा ताप, सिंधुदुर्ग, रत्नागिरीला नवा नाही. भातखाचरातल्या चिखलात अनवाणी उभं राहणं हे त्याचं दार. तापातून माणूस उठतो, कामाला लागतो, आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी डोळा सुजतो. १९९४ च्या सुमारास मदुराई भागात पुरानंतर असे रुग्ण मोठ्या संख्येनं आढळले, तेव्हापासून दक्षिणेतले डोळ्यांचे डॉक्टर याकडे लक्ष ठेवतात. आधीपासून संधिवात असेल तर सगळे सूज त्याच्या खात्यात टाकून मोकळे होतात आणि लेप्टोची चाचणी कुणी सांगत नाही. चिकुनगुनियाचंही तसंच, सांधे आणि डोळे दोन्हीकडे तोच हात मारतो. आणि क्षय. आपल्या देशात डोळ्याच्या आतल्या सुजेचं कारण शोधताना क्षयाची तपासणी वगळता येत नाही, विशेषतः जास्त मात्रेचे स्टेरॉइड किंवा बायोलॉजिकल चालू करण्याआधी. उलट ईएसआर आणि सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्तचाचण्या नॉर्मल आल्या म्हणजे डोळा निर्दोष, असं नाही. एवढासा अवयव पेटला तरी रक्तात धूर दिसेलच असं नसतं. मणक्याच्या संधिवाताशी जोडलेली एचएलए-बी२७ ही जनुकाची खूण पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार झालाच, असंही नाही.

औषधांच्या पिशवीकडे वळू. जुनाट वेदनेसाठी रात्री १० किंवा २५ मिलिग्रॅम ॲमिट्रिप्टिलिन देतात. ती गोळी तोंडासारखेच डोळेही कोरडे करते. शिवाय ज्यांच्या डोळ्यातला कोन मुळात अरुंद आहे, म्हणजे बहुधा प्लस नंबरचा चष्मा असलेल्या प्रौढ बाया, त्यांच्यात तिनं बाहुली मोठी होऊन डोळ्यातलं पाणी अचानक तुंबू शकतं. डोळ्याचा दाब एरवी पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर असतो, तो काही तासांत दुप्पट-तिप्पट होतो. भयंकर ठणका, अर्धं डोकं, उलट्या, दिव्याभोवती इंद्रधनुष्यी कडी. उलट्यांमुळे याला पित्त समजून सलाइन लावलेलं असतं आणि डोळा तिकडे जात असतो. मायग्रेनसाठीचं टोपिरामेट सुरू केल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत दोन्ही डोळ्यांत असाच प्रकार होऊ शकतो. लांबचं एकदम धूसर दिसायला लागणं ही त्याची खूण. ठिसूळ हाडांसाठीचं झोलेड्रॉनिक ॲसिडचं इंजेक्शन किंवा ॲलेंड्रोनेट यांनी क्वचित आयरायटिस, स्क्लेरायटिस होतो, इंजेक्शननंतर काही दिवसांतच. नवीन औषध आणि नवीन दुखणं यांच्या तारखा शेजारी शेजारी लिहिल्या तरच हे लक्षात येतं.

चुरचुर आणि रखरख यांचं घराणं वेगळं. समुद्रकाठच्या दमट हवेत डोळे कोरडे कसे पडतील, असं सहज वाटतं. पण अश्रू उडू नयेत म्हणून त्यांच्यावर तेलाचा थर असतो, आणि तो पापण्यांच्या कडेच्या ग्रंथी पुरवतात. त्या तुंबल्या की हवा कितीही दमट असो, अश्रू टिकत नाहीत. स्योग्रेनमध्ये तर मूळ पाणीच आटतं. दुपारचे खारे वारे, रात्री-पहाटेचे मतलई वारे, छपराचा पंखा थेट तोंडावर, चुलीचा धूर, मार्च-एप्रिलमधली भाजावळ आणि चिरेखाणीची लाल धूळ, यातलं प्रत्येक थोडंथोडं भर घालतं. झोपेत पापण्या पूर्ण मिटत नसतील तर पहाटे डोळा उघडताना सणक येते. त्यावर उपाय पंख्याची दिशा बदलणं आणि झोपताना डोळ्यात मलम घालणं, इतका साधा असू शकतो.

तपासणीही साधी आहे. शर्मर चाचणीत ५ मिलिमीटर रुंद, ३५ मिलिमीटर लांब टिपकागदाची पट्टी खालच्या पापणीत पाच मिनिटं अडकवतात. ५ मिलिमीटरही भिजली नाही तर पाणी कमी. दुसरीत फ्लुओरेसीनचा पिवळा रंग घालून उघडझाप न करता किती सेकंदांनी थर फाटतो ते मोजतात. दहाच्या आत म्हणजे थर कच्चा. पापण्यांना गरम शेक द्यायचा तर पाच ते दहा मिनिटं, आणि फडकं दोन मिनिटांत गार होतं हे विसरू नये. पाणी पुन्हा गरम करून बदलत राहावं, मग कडेच्या दिशेनं हलकी मालिश. कार्बॉक्सिमिथाइलसेल्युलोज ०.५ टक्क्याचा ड्रॉप दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असेल तर प्रिझर्वेटिव्ह नसलेला मागावा, कारण बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे नेहमीचं प्रिझर्वेटिव्ह स्वतःच कॉर्निया चुरचुरवतं. एका वेळी एकच थेंब. डोळ्यात दुसऱ्याला जागाच नसते, तो गालावर जातो. दोन निराळ्या ड्रॉपमध्ये पाच मिनिटं. मध, गुलाबपाणी, अंगावरचं दूध यांपैकी काहीही नको. ते निर्जंतुक नसतं.

आता खरा गुंता. कधी शर्मर ठीक, रंग कुठे धरत नाही, दाब नॉर्मल, बी-स्कॅन स्वच्छ, आणि डोळ्यात आग पेटलेली. फायब्रोमायल्जियाच्या लोकांत हे वारंवार दिसतं. इंग्रजीत त्याला 'डाग नाही पण दुखतं' अशा अर्थाचं नाव आहे. इथे मज्जातंतूच बिथरलेला असतो. वाऱ्याची झुळूक त्याला मिरचीसारखी झोंबते. ओळखायला डॉक्टर प्रोपॅराकेनचा, म्हणजे भूल देणारा एक थेंब टाकतात. आग लगेच थांबली तर बिघाड डोळ्यातल्या तंतूंच्या टोकांशी, तशीच राहिली तर वर मेंदूच्या वाटेवर. पहिल्या प्रकारात रुग्णाच्या स्वतःच्या रक्ताच्या सीरमपासून केलेले २० टक्क्यांचे ड्रॉप उपयोगी पडतात. पण ते सतत थंडच ठेवावे लागतात, आणि पावसाळ्यात दोन-दोन दिवस वीज जाणाऱ्या गावात हा बेत आधीच शेजाऱ्यांच्या इन्व्हर्टरशी जोडून ठेवावा लागतो. दुसऱ्या प्रकारात झोप, व्यायाम आणि मज्जातंतूंची औषधं यांवरच भर. भुलीच्या थेंबानं बरं वाटलं म्हणून ती बाटली घरी आणणं मात्र डोळा घालवण्याचा खात्रीचा मार्ग आहे. कॉर्नियाची जखम भरणं थांबतं, आणि दुखत नसल्यानं ते कळतही नाही.

मानेचंही नाव घ्यायला हवं. मानेच्या वरच्या तीन मणक्यांचे तंतू आणि डोळ्याचे तंतू मेंदूच्या देठात एकाच ठिकाणी येऊन मिळतात. म्हणून कवटीच्या खालच्या कडेला दाबल्यावर डोळ्यामागे ओढ जाणवली तर दुखण्याचं मूळ मानेत असण्याची शक्यता मोठी. पण आमवातात मानेचे पहिले दोन मणके सैल झालेले असू शकतात आणि मणक्याच्या संधिवातात ते कडक, ठिसूळ. केस कापून झाल्यावर सलूनमध्ये मान कडकन मोडून देतात, ती सेवा अशांनी हात जोडून नाकारावी.

पन्नाशीनंतर कानशिलाला दुखरेपणा, चावताना जबडा दुखणं आणि क्षणभर नजर जाणं. कपाळावर आग होऊन नाकाच्या शेंड्यावर फोड येणं. पापणी अचानक पडणं किंवा एकाचे दोन दिसणं. डोळ्यात काजूच्या टरफलाचं तेल उडणं. यांपैकी काहीही झालं तर एसटीच्या वेळा बघत बसू नये. तेल उडालं असेल तर आधी वीस मिनिटं वाहत्या पाण्यानं डोळा धुवावा, मग निघावं.

बाकीच्यांनी तयारीनं जावं. देवगड किंवा गुहागरहून कोल्हापूर-मुंबई गाठेपर्यंत लाली ओसरते आणि तिथल्या डॉक्टरांपुढे पुन्हा पांढराच डोळा येतो. म्हणून लाल असतानाच खिडकीच्या उजेडात, फ्लॅशशिवाय, समोर, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे बघताना असे पाच फोटो काढावेत. शाळेच्या वहीत रोज एक ओळ: तारीख, कुठला डोळा, दुखण्याचा नेमका शब्द, किती वाजता, उजेडानं, वाचण्यानं की फिरवण्यानं वाढलं, त्या दिवशी सांधे कसे, कोणती गोळी. तीन आठवड्यांच्या अशा वहीतून जे कळतं ते तिसऱ्या एमआरआयमधून कळेलच असं नाही. तपासणीचा क्रमही माहीत असावा. आधी नजर, रंग, बाहुल्या. मग शर्मर, रंगाचा थेंब, दाब. बाहुली मोठी करणं सगळ्यात शेवटी. आधीच थेंब टाकून बसवलं तर बाहुल्यांची तुलना करायची संधी गेली.

बाहुली चार-सहा तास मोठी राहते, त्यामुळे सोबत माणूस हवा आणि गाडी आपण चालवायची नाही. परतीला करूळ किंवा आंबा घाट दुपारी उतरणार असाल तर सूर्य समोरच असतो. काळा चष्मा, वर टोपी, आणि ड्रॉपची बाटली काचेजवळच्या उन्हात न ठेवता पिशवीत खाली, पाण्याच्या बाटलीला लावून.